जुन्या ठाणे जिल्ह्यातले छापखानेवाले आणि पुस्तकविक्रेते: घराण्यांचा माग काढताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या आजोबांचा नौपाड्यात ट्रेडल मशीनवरचा (पायाने चालवायच्या छपाईयंत्रावरचा) छोटा छापखाना होता, आणि त्यांच्या चुलत्यांचा त्याआधी एक. त्या दोन खोल्यांचा इतिहास शोधायला म्हणून निघालो आणि बारा-तेरा वर्षं दुसऱ्यांच्या पणजोबांचेच कागद चाळत बसलो. आता कुणी ना कुणी फोन करून विचारतं, आणि प्रश्न बहुतेक वेळा तेच असतात. म्हणून उत्तरं इथे एका जागी लिहून ठेवतोय.

"पणजोबांचा ठाण्यात छापखाना होता" एवढंच घरात ऐकलंय. सुरुवात कुठून करू?

देवघरातून. चेष्टा करत नाही. ज्या घरात बाकी काही उरलेलं नसतं, तिथेही लाल फडक्यात बांधलेली एखादी पोथी किंवा आरत्यांचं पुस्तक उरलेलं असतं. स्वतःच्या छापखान्यात निघालेली पोथी माणसं रद्दीत घालत नाहीत. तिचं फडकं सोडा, मुखपृष्ठाची मागची बाजू आणि अगदी शेवटचं पान बघा. 'हे पुस्तक ठाणे येथे अमक्यांनी आपल्या छापखान्यात छापून प्रसिद्ध केले' अशी ओळ सापडेल.

ही ओळ हौसेने घातलेली नाही. १८६७ च्या छापखाने व पुस्तक नोंदणीच्या कायद्याने प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचं नाव, छापल्याचं ठिकाण आणि प्रकाशकाचं नाव-ठिकाण घालणं सक्तीचं झालं. आडत्याचं नाव त्याच्या पोत्यांबरोबर गेलं, शिंप्याचं सदऱ्यांबरोबर गेलं. छापणाऱ्याचं नाव मात्र हजार प्रतींवर गावोगाव पोचलं. आपल्या शोधाचा सगळा जीव या ओळीत आहे.

ती उतरवताना शुद्धलेखन सुधारू नका. 'ठाणें' असेल तर 'ठाणें' लिहा, 'म्यानेजर' असेल तर 'म्यानेजर'. पत्त्यातली आळी, घरमालकाचं नाव, 'यांचे घरी', 'यांचे वाड्यांत' असे शब्द सोडू नका. एकाच पुस्तकाच्या दोन आवृत्त्या मिळाल्या तर दोन्हींवरची ओळ शेजारी शेजारी लिहा. पत्ता बदललाय, बापाच्या जागी मुलाचं नाव आलंय, 'आणि कंपनी' जोडलंय किंवा गळलंय, हे तिथेच कळतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही "पणजोबा कसे होते?" असं विचारू नका, पुण्यवान होते एवढंच उत्तर मिळेल. "छापखाना बंद झाल्यावर खिळे (छपाईची धातूची सुटी अक्षरं) कुणी विकत घेतले?" असं विचारा. मग भांडणं आठवतात, आणि भांडणात नावं असतात.

पुस्तकावर नाव आणि बापाचं नाव आहे, आडनावच नाही. आता?

हा त्या काळचा रिवाज. मुंबईचे छापखानेवाले गणपत कृष्णाजी, निर्णयसागर छापखान्याचे जावजी दादाजी, हे आपल्याला अजून तसेच माहीत आहेत. पहिल्याचं आडनाव पाटील आणि दुसऱ्याचं चौधरी, हे सांगितलं की लोक चमकतात. आडनाव मिळत नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. बापाचं नाव फुकट मिळालंय, म्हणजे एक पिढी न शोधता हातात आली.

आडनाव मिळतं ते दुसऱ्या कागदांत: घराचं खरेदीखत, शाळेचं जनरल रजिस्टर, कोर्टाचा दावा. तिथेही एकच आडनाव शेवटपर्यंत टिकेल असं नाही. गावावरून पडलेलं 'कर' एका भावाने लावलं आणि दुसऱ्याने जुनं कुळकर्णी-जोशीच ठेवलं, असं सर्रास व्हायचं.

सगळ्यात मोठा खड्डा दत्तकाचा. मी त्यात दोन वर्षं पडलो होतो. १८८० च्या दशकातल्या पुस्तकांवर एक मुद्रक, पुढच्या दशकात त्याच आळीत त्याच पहिल्या नावाचा दुसरा मुद्रक, पण बापाचं नाव वेगळं. मी दोघांना चुलतभाऊ ठरवून झाड काढलं, फांद्या रंगवल्या, नातेवाइकांना वाटलंसुद्धा. मग एका घराच्या कागदात 'दत्तक' हा तीन अक्षरांचा शब्द दिसला. माणूस एकच होता. तिशीनंतर निपुत्रिक चुलत्याच्या मांडीवर बसला, बाप बदलला आणि त्याबरोबर पुस्तकावरची ओळही. चुलत्याचा छापखाना त्याला मिळाला तो असा. तेव्हापासून नाव आणि पत्ता जुळत असताना फक्त बाप जुळत नसेल, तर माझा पहिला संशय दत्तकावर.

मुद्रक म्हणून ज्याचं नाव आहे तोच मालक समजायचा ना?

नाही. निर्णयसागरचीच पुस्तकं काढून बघा. कित्येकांवर प्रकाशक म्हणून तुकाराम जावजी किंवा पांडुरंग जावजी, म्हणजे मालकाच्या घरचं नाव. आणि मुद्रक म्हणून रामचंद्र येसू शेडगे, कोलभाट लेन, मुंबई. कायद्यापुढे जबाबदार असणारा माणूस म्हणून पगारी व्यवस्थापकाचं नाव देत असत. लहान गावात हे आणखी गुंतागुंतीचं होतं. पैसे सावकाराचे, मशीन भागीदाराचं, नाव जुळाऱ्याचं, म्हणजे खिळे जुळवणाऱ्या कामगाराचं. राजद्रोहाचा खटला आला तर आत कोण जाणार, याचाही हिशेब त्यात असे. तेव्हा आजोबांचं नाव मुद्रक म्हणून दिसलं म्हणजे ते मालक होते असं लगेच घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका.

'डिक्लेरेशन' म्हणजे काय, आणि ते मिळतं का?

छापखाना ठेवणाऱ्याने मॅजिस्ट्रेटपुढे जाऊन 'माझा अमुक ठिकाणी छापखाना आहे' असं प्रतिज्ञापत्र करायचं, हे १८६७ च्याच कायद्यातलं कलम. त्यात जागेचं नेमकं वर्णन द्यावं लागे. जागा बदलली की नवं डिक्लेरेशन. वर्तमानपत्राच्या मुद्रक-प्रकाशकाने काम सोडलं तर 'मी आता मुद्रक नाही' असंही लिहून देण्याची सोय होती. म्हणजे धंद्यात शिरल्याची, हललेल्याची आणि बाहेर पडल्याची, तिन्ही नोंदी तत्त्वतः असायला हव्यात, खाली त्याची स्वतःची सही.

बऱ्याच जणांना ठाऊक नसलेली गोष्ट अशी की या कागदाच्या दोन मूळ प्रती करत. एक मॅजिस्ट्रेटच्या दप्तरी राही, दुसरी हायकोर्टात किंवा त्या ठिकाणच्या मुख्य दिवाणी कोर्टात. त्यामुळे एका कचेरीत 'नाही' म्हटलं की शोध संपला असं नाही. मला एका कचेरीत "ते सगळं पावसात भिजून गेलं" असं ऐकवलं होतं. आठ महिन्यांनी तिथेच दुसऱ्या कारकुनाने कपाटावरचं गाठोडं खाली काढलं. ते भिजलेलं नव्हतं, वाळवीने खाल्लं होतं, पण अर्धंच. अर्ज करताना 'आमच्या पणजोबांची माहिती द्यावी' असं लिहू नका. साल, गाव, छापखान्याचं नाव आणि 'छापखान्याचे प्रतिज्ञापत्र' असे शब्द लिहा. सालाचा पल्ला पाच वर्षांपेक्षा मोठा ठेवलात तर कुणी हलत नाही.

१९१० च्या प्रेस ॲक्टचे कागदही बघण्यासारखे. नवा छापखाना काढणाऱ्याकडून ५०० ते २,००० रुपये अनामत मागता येत असे. ठाण्या-कल्याणच्या छोट्या धंद्याला ती रक्कम म्हणजे घर गहाण टाकण्याची वेळ, आणि गहाणखत म्हटलं की नावं, नाती, चतुःसीमा सगळं आलं. १८६७ चा कायदा अगदी परवापर्यंत जिवंत होता. त्याच्या जागी २०२३ चा नवा कायदा आला आणि मार्च २०२४ पासून लागू झाला. त्यामुळे १९६०-७० च्या छापखान्याचा शोध घेणाऱ्यांनीही हीच वाट धरायची.

मी पनवेलचा आहे. मग ठाण्यात का शोधू?

कारण तुमचे पणजोबा बहुधा ठाणे जिल्ह्यातच होते. घर जागचं हललं नाही, जिल्हे हलले. कुलाबा (आताचा रायगड) जिल्हा १८६९ मध्ये वेगळा झाला तरी पनवेल ठाण्यातच राहिलं. ते कुलाब्याला गेलं १८८३ मध्ये. म्हणूनच १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथात, पनवेल सापडतं. वांद्रे-कुर्ला १९२० पर्यंत ठाणे जिल्ह्यात, त्यानंतर मुंबई उपनगर. उंबरगाव १९६० मध्ये गुजरातेत गेलं. पालघर तर २०१४ मधलं. कागद नेहमी तेव्हाच्या जिल्ह्याच्या दप्तरात पडतो, म्हणून आधी साल ठरवा आणि मग कचेरी.

नवी मुंबईच्या मूळ गावांतल्या लोकांना एक सोय आहे, ती त्यांनाच सुचत नाही. संपादन झालेल्या जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या सिडकोच्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडासाठी घरोघरी वारस दाखले आणि वंशावळी केल्या गेल्या. ती फाइल घरात असेलच. वारसांच्या भांडणातून का होईना, तीन-चार पिढ्या एका कागदावर मांडून ठेवलेल्या असतात. सातबाऱ्यापेक्षा मागचे फेरफार वाचा. वारस नोंद तिथे आहे.

सरकारी तिमाही यादी काय असते?

कायद्याप्रमाणे प्रत्येक पुस्तकाच्या प्रती सरकारात द्याव्या लागत, आणि त्यांची यादी दर तीन महिन्यांनी गॅझेटबरोबर निघे. नाव, भाषा, लेखक, विषय, छापण्याचं ठिकाण, मुद्रक, प्रकाशक, तारीख, पानं, आकार, आवृत्ती, किती प्रती, शिळाछाप (दगडावरून केलेली छपाई) की खिळ्यांची छपाई, किंमत. आणि शेवटचा रकाना, ज्याच्याकडे फारसं कुणी बघत नाही: कॉपीराइट कुणाचा, त्याचं नाव आणि राहण्याचं ठिकाण. मुद्रक ठाण्याचा असला तरी हक्क राखणारा कल्याणचा सासरा किंवा पेणचा मेहुणा निघू शकतो. पैशाचं नातं कुठे होतं ते तिथे उघडं पडतं.

प्रतींचा आकडाही वाचायला शिका. पहिल्या आवृत्तीच्या ५०० प्रती आणि चार वर्षांत तिसरी आवृत्ती २,००० ची, म्हणजे घरात त्या वर्षी लग्नकार्य झालं असेल तर ते दणक्यात झालं असेल. हा अंदाज आहे, पण माझा दोनदा खरा ठरलाय.

वर्तमानपत्र चालवणारे असतील तर मुंबई सरकारचे देशी वृत्तपत्रांवरचे साप्ताहिक अहवाल बघा. त्यांतल्या पत्रांच्या याद्यांत संपादकाचं नाव, जात आणि वय दिलेलं असे. वयातून जन्मसाल काढता येतं, पण काही याद्यांत माणूस तीन वर्षं चाळिसाचाच राहतो. कारकुनाने जुनीच यादी उतरवलेली असते. पाचेक वर्षं इकडेतिकडे धरा.

ठाण्यात तेव्हा छापखाने होते तरी का? सगळं मुंबईतच नव्हतं का?

'अरुणोदय' हे पत्र ठाण्यात १८६६ मध्ये सुरू झालं. 'सूर्योदय' आणि 'हिंदुपंच'ही ठाण्याचेच. १८५३ पासून मुंबईची गाडी होती, त्यामुळे कागद, शाई आणि खिळे आणणं सोपं आणि गिऱ्हाईक पळवणं मुंबईकरांनाही तितकंच सोपं. पुस्तकं हा मुळात जोडधंदा. पोट भरायचं ते कोर्टाचे नमुने, पावतीपुस्तकं, लग्नपत्रिका आणि मयताची कार्डं यांवर. म्हणून पुस्तकांच्या सूचीत नाव नाही म्हणजे छापखाना नव्हता, असा अर्थ काढू नका.

जन्म-मृत्यूच्या नोंदी कितपत मागे जातात?

गावानुसार आणि नशिबानुसार. ठाण्याची नगरपालिका १८६३ ची. गावांकडे गाव नमुना १४, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात. २०२३ नंतर कुणबी नोंदींच्या शोधासाठी ही बुकं आणि शाळांची रजिस्टरं राज्यभर उघडली गेली, त्यामुळे कारकुनांना आता निदान ती कुठे आहेत ते माहीत आहे. कोतवाल बुकात जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव नसण्याची तयारी ठेवा. 'मुलगा' एवढंच, आणि बापाचं नाव. मयताच्या नोंदींत १८९६ नंतरची प्लेगची वर्षं नीट बघा. मुंबईतून पळालेली कुटुंबं ठाण्या-कल्याणकडे आली, त्यांत जुळारी आणि बाइंडरही होते. मुंबईत अचानक गडप झालेला माणूस इथे सापडू शकतो.

नाशिकच्या उपाध्यांच्या वह्या विश्वासार्ह असतात का?

माझ्या मते सरकारी कागदापेक्षा जास्त, कारण तिथे खोटं सांगून कुणाचाच फायदा नव्हता. अस्थी घेऊन किंवा सिंहस्थाला गेलेला माणूस आपलं गाव, आडनाव, बाप, आजा, भाऊ, मुलगे सांगायचा आणि बहुधा सहीही करायचा. रामकुंडावर जाऊन आडनावाआधी मूळ गाव सांगा. छापखान्याचं ठाणे नव्हे, त्याआधीचं, कोकणातलं किंवा घाटावरचं. धंद्याचा उल्लेख तिथे क्वचितच असतो. दक्षिणा द्या, घाई करू नका, फोटो काढण्याआधी विचारा.

छापील कुलवृत्तान्तही (एकेका घराण्याच्या इतिहासाची पुस्तकं) बघावेत, पण त्यांत यशस्वी शाखा लांब आणि बुडालेली शाखा दीड ओळीत असते. छापखानेवाले बहुधा दीड ओळीत.

आमचं घर हिंदू नाही. मग?

तुमचं काम काही बाबतींत सोपं. आमच्यात स्मशानात दगड राहत नाही. ठाण्याच्या तळ्याकाठच्या सेंट जॉन चर्चसारख्या जुन्या चर्चमध्ये बाप्तिस्मा, लग्न, दफन यांची रजिस्टरं असतात, आणि त्यांत आईचं नावही असतं. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, कुटुंबांनी मराठीत भरपूर छापलं. ठाण्याचं त्यांचं प्रार्थनामंदिर १८७९ चं, आणि कबरींवर मराठी मजकूर सापडतो.

पुस्तकविक्रेत्याचा स्वतःचा छापखाना नव्हता. त्याचा माग कसा काढायचा?

हे अवघड. कायद्याने विक्रेत्याचं नाव मागितलंच नाही. तीन ठिकाणी बघा. जुन्या पुस्तकांच्या पाठीमागच्या जाहिराती: 'हे पुस्तक ठाणे येथे अमक्यांच्या दुकानी मिळेल'. वर्गणीदारांच्या याद्या: एखाद्या नावापुढे एकदम पंचवीस प्रती असतील तर तो बहुधा विक्रेता. आणि शिक्के.

शिक्क्यांबद्दल थोडं सांगतो. माझ्याकडे एक क्रमिक पुस्तक आहे. आतल्या कोऱ्या पानावर जांभळ्या शाईचा लंबगोल शिक्का, मधे 'बुकसेलर', कडेने नाव, खाली 'जांभळी नाक्याजवळ'. शिक्का तिरका पडलाय, डावीकडची दोन अक्षरं उठलीच नाहीत. त्याच्या खाली शाईच्या टाकाने पोराने आपलं नाव, इयत्ता आणि तारीख लिहिलीय. म्हणजे दुकान त्या तारखेला चालू होतं, नक्की. अशी नऊ पुस्तकं जमवल्यावर त्या दुकानाची सव्वीस वर्षं मला सलग लावता आली. तारीख पोरांनी दिली, दुकानदाराने नाही. रद्दीवाल्याकडे गेलात की आधी कोरं पान उघडा.

बायकांची नावं कुठेच का नाहीत?

आहेत, पण 'प्रकाशक' या शब्दाखाली शोधून भागत नाही. नवरा गेल्यावर काम हाती घेतलेल्या बायका होत्या. 'दीनबंधू' हे पत्र चालवणाऱ्या तानूबाई बिर्जे यांचं नाव निदान टिकलं. बाकी घरांत घड्या घालणं, शिवणं, प्रुफं वाचणं बायकाच करत आणि त्याची नोंद कुठेच नाही.

माहेरचं नाव मिळवायला माझा एक आवडता रस्ता आहे. छापखानेवाला प्रत्येक कामाची एक प्रत ऑफिसात तारेत ओवून ठेवतो. आमच्या माळ्यावर अशी तार निघाली, वीतभर जाड. वरच्या कोपऱ्यात हळदीची बोटं उठलेल्या पिवळट पत्रिका, आणि त्यांत घरच्या लेकी-सुनांच्या पत्रिका इतरांपेक्षा चांगल्या कागदावर, दोन रंगांत. वरबाप, वधूबाप, दोन्ही गावं, तिथी, मुहूर्त. एका तारेत चार आत्यांची सासरं.

शके, संवत्सर यांतून इसवी सन कसा काढायचा?

शकात ७८ मिळवा. जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंतच्या तिथी असतील तर ७९. आकडा फाटला असेल आणि संवत्सराचं नाव उरलं असेल, तर ते साठ वर्षांनी फिरून येतं. प्रभव म्हणजे शके १७८९, अर्थात १८६७-६८, नाहीतर शके १८४९, अर्थात १९२७-२८. टाइप आणि कागद बघून साठ वर्षांचा फरक डोळ्यांना कळतो.

मोडी शिकावीच लागेल का?

हो. पुराभिलेख खात्याचे वर्ग असतात. पुस्तकं बाळबोधात, म्हणजे देवनागरीत, असली तरी मालकाची उधारीची वही मोडीतच.

डीएनए चाचणी करून काही कळेल?

छापखाना कुणाच्या नावावर होता हे नाही कळणार.

सापडलेली पुस्तकं कुठे द्यावीत?

ठाण्यातच द्या. वि. ल. भावे यांनी १८९३ मध्ये सुरू केलेलं मराठी ग्रंथसंग्रहालय इथे आहे. देण्याआधी विचारा, त्यांच्याकडे ती प्रत असेल तर दुसरीकडे द्या. पुस्तकाला प्लास्टिकची चिकटपट्टी लावू नका, आणि मागचं फाटकं पान 'वाईट दिसतं' म्हणून काढून टाकू नका. ओळ त्याच पानावर असते.

माळ्यावर खिळ्यांच्या केस (खणांचे लाकडी ट्रे) पडल्यात. भंगारवाला वजनावर घ्यायला तयार आहे. देऊ का?

आधी प्रत्येक केसमधल्या थोड्या थोड्या खिळ्यांवर शाई फिरवून कागदावर ठसा घ्या. अक्षराचं वळण घरातल्या पोथीशी जुळलं, तर ती पोथी तुमच्याच छापखान्यातली असल्याची खूण सापडली, जरी शेवटचं पान गेलेलं असलं तरी. केसच्या खणांत खाली अंथरलेले कागद काढून बघा. रद्द झालेली प्रुफं आणि बिलं तिथेच घातलेली असतात. आम्हाला १९३१ ची शाईची पावती तशीच मिळाली. मग ठेवायचं की विकायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. फक्त खिळ्यांत शिसं असतं. पोरांना हात लावू देऊ नका, आणि काम झाल्यावर साबणाने दोनदा हात धुऊनच जेवायला बसा.